‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नक्की काय झालंय? नेटवर्क कोडमधल्या एररना कारण सांगायला लावणं

पावसाळ्यात सकाळी नालासोपारा किंवा विरार स्टेशनवर उभे राहिलात तर एक घोषणा कधी ना कधी कानावर पडतेच: तांत्रिक कारणामुळे गाड्या उशिराने धावत आहेत. आता हे ‘तांत्रिक कारण’ म्हणजे काय? सिग्नलचा घोळ असेल तर वीस मिनिटं थांबलेलं बरं. ओव्हरहेड वायर तुटली असेल तर रस्त्याने जायचं बघावं. आणि जुलै २०१८ मध्ये झालं तसं नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं असेल, तर सरळ घरी जाऊन ऑफिसला फोन करावा. तिन्ही वेळा गाडी नाहीच आहे. पण आपण पुढे काय करायचं, ते तिन्ही वेळा वेगळं आहे. घोषणेने नेमकी तीच गोष्ट सांगितलेली नसते.

आपण लिहितो त्या नेटवर्क कोडमधले एरर मेसेज बहुतेक वेळा या घोषणेसारखेच असतात. ‘समथिंग वेंट राँग’, ‘कनेक्शन फेल्ड’, ‘सर्व्हर डाऊन’. हा लेख तुमच्यापैकी जे संशोधनाच्या वाटेला लागताय, नेटवर्क मोजायची किंवा एखादी वितरित प्रणाली बांधायची तयारी करताय, त्यांच्यासाठी आहे. मुद्दा एकच आहे: एरर मेसेज म्हणजे साक्ष. साक्षीदाराने काय पाहिलं ते सांगावं, आणि त्याला खालून कोणी काय सांगितलं तेही जसंच्या तसं पुढे द्यावं. निष्कर्ष काढायची घाई करू नये. ऐकायला सोपं वाटतं, पण करायला बसलं की कारण किती ठिकाणी गळून पडतं ते कळतं.

एका ओळीमागची साखळी

तुमच्या प्रोग्रॅममध्ये एक साधी ओळ आहे: अमुक पत्त्यावरून फाइल आण. ती चालते तेव्हा खाली निदान पाच गोष्टी घडतात. आधी डीएनएसला विचारून नावाचा आयपी पत्ता शोधला जातो. मग त्या पत्त्याकडे जायचा रस्ता आपल्या मशीनला माहीत असावा लागतो. मग टीसीपी जोडणी: आपण सिन पाठवतो, समोरून सिन-अॅक येतो, आपण अॅक देतो. मग टीएलएस, म्हणजे प्रमाणपत्र तपासणं आणि किल्ल्या ठरवणं. आणि शेवटी एचटीटीपीची विनंती आणि उत्तर.

प्रत्यक्ष जमिनीवर ही साखळी आणखी लांब असते. विरारच्या पुढे डहाणूच्या गाडीत बसलात की वैतरणा, सफाळे, केळवे रोड आणि मग पालघर येतं. या पालघर भागातल्या सात गावांत आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून इंटरनेट पोचवायचा प्रयोग केला. कल्पना अशी, की ग्रामपंचायतीपर्यंत फायबर पोचली तरी तिथून पाड्यापर्यंतचा मधला टप्पा उरतोच. तो झाडाझुडपांतून बऱ्यापैकी पार जाणाऱ्या या कमी वारंवारतेच्या लहरींनी भरून काढायचा आणि शेवटी गावात वाय-फाय द्यायचं. २०१७ मध्ये मोझिलाच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं.

आता अशा नेटवर्कच्या टोकाला बसलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. फोनवर आलं, ‘कनेक्ट होऊ शकत नाही’. फोन आणि वाय-फायमध्ये बिघाड आहे? वाय-फाय आणि टॉवरमध्ये? टॉवर आणि फायबरमध्ये? वीज गेली? की मुंबईतला किंवा सिंगापूरमधला सर्व्हरच झोपलाय? दुरुस्तीला कोणी जायचं, शिडी घेऊन जायचं की लॅपटॉप घेऊन, हे सगळं त्या एका उत्तरावर अवलंबून आहे. साखळीत जितकी माणसं, यंत्रं आणि किलोमीटर जास्त, तितकी अस्पष्ट एरर महाग पडते.

रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनचंही तसंच. आधार पडताळणीत बोटाचा ठसा जुळला नाही तर ३०० हा स्वतंत्र एरर कोड येतो. नेटवर्कच नसेल तर तो प्रश्न पूर्ण निराळा. पहिल्या प्रकारात दुसरं बोट किंवा घरातला दुसरा माणूस हा उपाय आहे. दुसऱ्यात थोड्या वेळाने या, हा. काउंटरवर दोन्हीचं भाषांतर ‘सर्व्हर डाऊन आहे’ असं झालं, तर पाड्यावरून चालत आलेल्या बाईची एक फेरी फुकट जाते. कदाचित पुढचीही.

तीन ‘नाही’, तीन अर्थ

नेटवर्क कोड वाचायला शिकताना सगळ्यात आधी हे तीन एरर नीट ओळखायला शिका. लिनक्सवर प्रत्येकाला क्रमांक आहे.

पहिला, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, क्रमांक १११. हा ऐकायला वाईट वाटतो, पण यात भरपूर चांगली बातमी आहे. तुमचा सिन कुठेतरी पोचला आणि तिकडून आरएसटी, म्हणजे स्पष्ट नकार परत आला. म्हणजे जायचा-यायचा रस्ता चालू आहे, बहुधा मशीनही जागं आहे, फक्त त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. किंवा मध्ये एखाद्या फायरवॉलने नकार दिला. सर्व्हरचा प्रोग्रॅम बंद पडलाय का, ते आधी बघा.

दुसरा, ‘कनेक्शन टाइम्ड आउट’, क्रमांक ११०. इथे काहीच आलं नाही. लिनक्स सिन पुन्हा पुन्हा पाठवतो आणि काही बदललं नसेल तर दोन मिनिटांहून थोडं जास्त थांबून हात टेकतो. लक्षात घ्या, टाइमआउट हे कारण नाहीच. मी इतका वेळ थांबलो आणि मला उत्तर मिळालं नाही, एवढीच ती साक्ष. जाताना पॅकेट हरवलं, येताना हरवलं, फायरवॉलने गुपचूप गिळलं, की मशीन बंद आहे, हे यातून कळत नाही. उत्तर न येण्याला ‘सर्व्हर डाऊन’ म्हणणं म्हणजे फोन उचलला नाही म्हणून माणूस गेला असं समजण्यासारखं आहे.

तिसरा, ‘नो रूट टू होस्ट’, क्रमांक ११३. हा सगळ्यात फसवा. नाव वाचून वाटतं, राउटिंग बिघडलंय. पण रस्ता व्यवस्थित असूनही हा येतो. एक, तुमच्याच लॅनवरचं मशीन बंद असेल आणि एआरपीला उत्तर देत नसेल तर दोन-तीन सेकंदांत हा येतो. दोन, समोरच्या फायरवॉलने ‘इथे प्रवेश मनाई’ असा आयसीएमपी संदेश पाठवला, तर लिनक्सचा कर्नल त्याचंही रूपांतर याच क्रमांकात करतो. म्हणून कधीकधी पिंग चालतो आणि तरीही ‘नो रूट’ दिसतं. विद्यार्थी मग तासभर राउटिंग टेबल चाळत बसतात, आणि चूक फायरवॉलच्या एका नियमात असते.

इथे कारण पहिल्यांदा हरवलं. १९८१ च्या आरएफसी ७९२ मध्ये आयसीएमपीला ‘पोचू शकत नाही’ या एकाच प्रकारात नेटवर्क, होस्ट, प्रोटोकॉल, पोर्ट असे वेगवेगळे कोड दिलेले आहेत. पण ते तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत येईस्तोवर कर्नल त्यांना मोजक्या एररनो क्रमांकांत कोंबतो. मूळ संदेश आणि तो पाठवणाऱ्याचा पत्ता हवा असेल, तर लिनक्समध्ये ‘आयपी रिसीव्ह एरर’ नावाचा सॉकेट पर्याय चालू करून एरर रांग वेगळी वाचावी लागते. फार थोडे लोक ती वाचतात. मधल्या कुठल्या राउटरने नकार दिला, हे मोजमाप करणाऱ्यासाठी सोनं आहे. आणि ते त्या रांगेत पडून राहतं.

कारण आणखी कुठे हरवतं

दुसरी जागा डीएनएस. रिझॉल्व्हरला काही जमलं नाही की तो ‘सर्व्हफेल’ एवढंच म्हणत आला, १९८७ च्या आरएफसी १०३५ पासून. पण सही कालबाह्य झाली, मूळ सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही, नेटवर्क एरर आली, सगळ्याला उत्तर एकच. ऑक्टोबर २०२० च्या आरएफसी ८९१४ ने यावर उपाय दिला: उत्तरासोबत एक जास्तीचा क्रमांक जोडायचा. त्यात ७ म्हणजे सहीची मुदत संपली, २२ म्हणजे अधिकृत सर्व्हर गाठता आले नाहीत. गंमत अशी, की हा क्रमांक नेटवर्कवरून तुमच्या मशीनपर्यंत आला तरी नेहमीचं गेटअॅड्रइन्फो हे फंक्शन तो वर देत नाही. त्याच्याकडे त्याची स्वतःची छोटी यादी आहे, आणि तुम्हाला दिसतं ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’. कारण दारापर्यंत येतं आणि उंबऱ्यावर अडकतं.

तिसरी जागा म्हणजे पुन्हा पुन्हा प्रयत्न. एका नावाचे अनेक पत्ते असतात, काही आयपीव्ही४ चे, काही आयपीव्ही६ चे. पायथनचं ‘क्रिएट कनेक्शन’ एकेक पत्ता करून बघतं, आणि सगळे फसले तर शेवटच्या पत्त्याची एरर देतं. आता घरी आयपीव्ही६ नसेल, तर वापरता न येणारे पत्ते यादीत शेवटी ढकलले जातात. मग होतं काय? आयपीव्ही४ वर खरी घटना घडली, सर्व्हरने नकार दिला. त्यानंतर आयपीव्ही६ चा प्रयत्न झाला, तो ‘नेटवर्क अनरीचेबल’ म्हणून फसला. आणि तुमच्या हातात येते ती दुसरी एरर! तुम्ही घरच्या राउटरला शिव्या देत बसता. पायथन ३.११ पासून याच फंक्शनला ‘ऑल एरर्स’ असा पर्याय आहे. तो दिला की सगळ्या प्रयत्नांच्या एरर एका गटात बांधून मिळतात. स्वतः रिट्राय लिहाल तेव्हाही हेच करा: शेवटची एरर ठेवू नका, सगळ्या ठेवा.

चौथी जागा म्हणजे दोन मशीनमधली सीमा. मध्ये प्रॉक्सी असेल तर तुम्हाला ५०२ किंवा ५०४ दिसतो. प्रॉक्सीला मागचा सर्व्हर सापडला नाही, त्याने नकार दिला, की त्याचं प्रमाणपत्र चुकलं, हे त्या तीन आकड्यांत मावत नाही. जून २०२२ च्या आरएफसी ९२०९ मध्ये यासाठी ‘प्रॉक्सी-स्टेटस’ नावाचा हेडर आहे. त्यात कोणत्या मध्यस्थाला कोणत्या प्रकारची अडचण आली ते लिहिता येतं: डीएनएस टाइमआउट, कनेक्शन रिफ्यूज्ड, टीएलएस प्रमाणपत्राची चूक वगैरे.

आणि पाचवी जागा? आपणच. ‘ट्राय’ लिहायचं, खाली सगळं पकडणारं ‘एक्सेप्ट’, आणि आत ‘प्रिंट फेल्ड’. दहापैकी नऊ असाइनमेंटमध्ये हे दिसेल. माझ्याही होतं, त्याची गोष्ट पुढे येतेच.

लक्षण एकीकडे, दुखणं दुसरीकडे

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप साधारण सहा तास बंद होते, आठवत असेल. बाहेरून बघणाऱ्यांना दिसत होती डीएनएसची एरर: नाव सापडत नाही, सर्व्हफेल. साहजिकच पहिला अंदाज, डीएनएस बिघडलं. कंपनीने नंतर जे सांगितलं ते असं. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं अंतर्गत जाळंच तोडलं. ती कमांड अडवायला हवी होती त्या तपासणी साधनात बग होता. डीएनएस सर्व्हरना डेटा सेंटर दिसेनासे झाले. आपण आजारी आहोत असं समजून ठरल्याप्रमाणे त्यांनी बीजीपीतून आपल्या रस्त्यांच्या जाहिराती मागे घेतल्या. डीएनएस सर्व्हर स्वतः चालू होते, पण जगाला त्यांच्यापर्यंतचा रस्ताच उरला नव्हता.

डीएनएसची एरर खोटी नव्हती. ती साखळीच्या टोकाची साक्ष होती. चूक तेव्हा होते जेव्हा आपण टोकाच्या साक्षीला मूळ कारण समजतो. म्हणून एररची पण साखळी हवी.

मग लिहायचं कसं?

भाषांनी याची सोय केव्हाच केलेली आहे. जावा १.४ मध्ये, २००२ साली, एक्सेप्शनला आपलं ‘कॉज’ सोबत नेता येऊ लागलं. पायथन ३ मध्ये ‘रेझ … फ्रॉम’ आहे. गो भाषेत २०१९ च्या १.१३ आवृत्तीपासून एररला गुंडाळून पुन्हा उलगडता येतं. तिन्हींची कल्पना एकच: वरच्या थराने आपला संदर्भ जोडावा, खालच्याचा पुसू नये.

तुलना करून बघा. समजा तुमचा प्रोग्रॅम पावसाच्या नोंदी आणतो आणि फसतो. पहिला मेसेज:

‘नोंदी आणता आल्या नाहीत.’

दुसरा मेसेज:

‘आजच्या पावसाच्या नोंदी आणता आल्या नाहीत: नोंद-सर्व्हर, पोर्ट ४४३: टीसीपी जोडणी: १९२.०.२.१० कडून कनेक्शन रिफ्यूज्ड (१११), ०.०४ सेकंदात, ३ पैकी ३ रा प्रयत्न, आधीचे दोन्हीही १११.’

दुसरा लांब आहे, मान्य. पण तो वाचून पुढचं पाऊल लगेच ठरतं. डीएनएस झालं, कारण पत्ता मिळाला. रस्ता आहे, कारण ०.०४ सेकंदात नकार आला. वेळ जात नाहीये, दार बंद आहे. सर्व्हरवर जाऊन प्रोग्रॅम चालू आहे का बघा. तो लिहिताना स्वतःला चार प्रश्न विचारायचे:

१. मी काय करायचा प्रयत्न करत होतो? वापरणाऱ्याच्या भाषेत, फंक्शनच्या नावात नव्हे.
२. कोणाशी? नाव, प्रत्यक्ष वापरलेला पत्ता आणि पोर्ट, तिन्ही. नुसतं नाव पुरत नाही, कारण नावाचे पत्ते बदलतात.
३. कोणत्या पायरीवर, किती वेळात, कितव्या प्रयत्नात?
४. परत काय आलं आणि कोणाकडून? काहीच आलं नसेल तर ‘काहीच आलं नाही’ असं स्पष्ट लिहा.

यात ‘किती वेळात’ला कमी लेखू नका. ०.०४ सेकंदातला नकार, तीन सेकंदांनंतरचं ‘नो रूट’ आणि तीस सेकंदांचा टाइमआउट, हे नुसत्या घड्याळावरून वेगळे ओळखता येतात. आणि टाइमआउट तुम्हीच लावलेला असेल तर तेही लिहा. ‘३० सेकंदांची मर्यादा आपण घातलेली’ आणि ‘कर्नलने सोडून दिलं’ या दोन निराळ्या घटना आहेत.

आणखी एक पथ्य. कोडला निर्णय घ्यायचा असेल, उदाहरणार्थ पुन्हा प्रयत्न करायचा की नाही, तर तो मेसेजचे शब्द वाचून घेऊ नका. शब्द आवृत्तीगणिक बदलतात. एररचा प्रकार किंवा क्रमांक तपासा. पायथन ३.३ पासून रिफ्यूज्ड आणि टाइमआउटला स्वतंत्र क्लास आहेत. शब्द माणसासाठी, प्रकार प्रोग्रॅमसाठी.

सगळं सगळ्यांना सांगायचं नाही

इथे एक रास्त शंका येते: इतकं उघड सांगणं धोक्याचं नाही का? काही वेळा आहेच. टीएलएस १.० मध्ये पॅडिंग चुकलं आणि संदेशाची सही चुकली, यांना दोन वेगळे इशारे होते. सर्ज वोदने यांनी २००२ मध्ये दाखवलं, की पॅडिंग बरोबर की चूक एवढं जरी हल्लेखोराला कळलं, तरी तो प्रश्न विचारत विचारत एकेक बाइट करून गुप्त मजकूर उलगडू शकतो. म्हणून २००६ च्या टीएलएस १.१ मध्ये दोन्हींना मुद्दाम एकच इशारा केला.

पण यातून ‘कारण कुठेच लिहू नका’ असा धडा घेऊ नका. कारण आपल्या लॉगमध्ये पूर्ण लिहा, पासवर्ड आणि टोकन वगळून. बाहेरच्या माणसाला थोडक्यात मेसेज आणि एक संदर्भ क्रमांक द्या. त्याने तो क्रमांक फोनवर सांगितला, की तुम्हाला तुमच्याकडची पूर्ण साखळी सापडली पाहिजे. आणि त्या थोडक्यातल्या मेसेजनेही एवढं सांगावंच: आता तुम्ही काही करू शकता, की थांबायचंय?

संशोधनात याची किंमत

आता माझी गोष्ट. पीएचडीच्या सुरुवातीला मी विरारच्या घरी एक रास्पबेरी पाय लावून ठेवला होता. ठरावीक वेळाने काही सर्व्हरना जोडणी करायची आणि ‘ओके’ किंवा ‘फेल’ लिहायचं. काही आठवड्यांनी आलेख काढून गाईडना अभिमानाने दाखवला. त्यांनी एकच विचारलं, “हे फेल म्हणजे काय काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. डीएनएस, रस्ता, टाइमआउट, नकार, माझ्याच कोडमधला बग, सगळं त्या एका शब्दात शिजून गेलं होतं. आणि ते परत वेगळं करता येत नाही. कोडमधली चूक दुरुस्त होते, पण गेलेल्या महिन्यातलं नेटवर्क पुन्हा मोजता येत नाही. ती फाइल मी अजून ठेवलीय, वापरता मात्र आली नाही.

दुसऱ्यांदा मांडणी केली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. वीज गेली की पायही बंद पडतो, त्यामुळे ‘फेल’ येतच नाही, ओळच नसते. म्हणजे ओळ नसणं हीसुद्धा नोंद आहे, आणि ती ओळखायची असेल तर ‘मी जिवंत आहे’ अशी ओळ नियमित लिहावी लागते. शिवाय माझ्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वीज आल्यावर नेटवर्कवरून वेळ जुळेपर्यंत तो चुकीची वेळ लिहितो. नेमक्या सगळ्यात महत्त्वाच्या मिनिटांत! म्हणून घड्याळाच्या वेळेबरोबर, मशीन सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले तेही लिहायचं.

हे फक्त नवशिक्यांचं दुखणं आहे असं समजू नका. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ च्या ओएसडीआय परिषदेत एक अभ्यास मांडला. कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या पाच प्रणालींमधले १९८ बिघाड त्यांनी तपासले. त्यातले जे अख्खी प्रणाली कोलमडवणारे होते, त्यांपैकी ९२ टक्क्यांत मूळ एरर जीवघेणी नव्हती आणि सॉफ्टवेअरने ती स्पष्ट कळवलेलीही होती. पुढे ती चुकीची हाताळली गेली. ३५ टक्क्यांत तर चुका अगदी किरकोळ होत्या: एरर पकडून सोडून दिलेली, नको तितकं सगळं एकत्र पकडलेलं, किंवा हँडलरमध्ये ‘नंतर करू’ अशी टीप. हा पेपर जरूर वाचा. संशोधनाचा प्रश्न किती साध्या जागी दडलेला असतो, ते त्यातून दिसतं.

या आठवड्यात करून बघा

एक लॅपटॉप पुरे. एका पोर्टवर छोटा सर्व्हर चालवा आणि पाच तऱ्हांनी बिघडवा. सर्व्हर बंद करा. मग फायरवॉलमध्ये त्या पोर्टवर ‘ड्रॉप’ नियम लावा. मग तो काढून ‘रिजेक्ट’ लावा. मग नावात एक अक्षर चुकवा. शेवटी मुदत संपलेलं प्रमाणपत्र वापरा. प्रत्येक वेळी तुमच्या प्रोग्रॅमने काय छापलं आणि किती वेळ लागला ते वहीत लिहा. शेजारच्या टर्मिनलमध्ये टीसीपीडंप चालू ठेवा, म्हणजे तारेवर खरं काय घडलं तेही दिसेल.

मग ती वही एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला द्या. तुमच्या प्रोग्रॅमचे फक्त मेसेज वाचून काय बिघडवलं होतं ते ओळखायला सांगा. पाचही ओळखता आले तर तुमचा कोड साक्ष नीट देतोय. दोन मेसेज सारखे दिसले, तर त्या दोघांमधला फरक तुमच्या कोडमध्ये कुठल्या ओळीवर गळला ते शोधा. मोजमाप सुरू करण्याआधी ती ओळ दुरुस्त करा. नंतर केलीत तर डेटा गेलेला असेल.